बोर्ड सरळ जात नाही, खांदा भरून येतो, आणि दुरुस्त केलं तरी महिन्याभरात पुन्हा तेच: पॅडलबोर्डच्या स्ट्रोकचं दुखणं

पॅडलबोर्ड म्हणजे पाण्यावर उभं राहून एका पात्याच्या वल्ह्याने, म्हणजे पॅडलने, चालवायची लांब फळी; पॅडलचा एकेक हात म्हणजे स्ट्रोक. तक्रार आधी नेमकी सांगतो, म्हणजे तुमचीही तीच आहे का ते कळेल. बोर्डावर उभं राहून उजव्या बाजूने चार-पाच वेळा पॅडल मारलं की बोर्डाचं नाक डावीकडे वळतं. घाईने बाजू बदलून डावीकडून मारलं की ते उजवीकडे. असं नागमोडी जात राहायचं. अर्ध्या तासात वरच्या हाताचा खांदा भरून येतो आणि दुसऱ्या दिवशी सदरा अंगात घालताना कळ येते. पाण्याचा आवाज मोठा, फेस भरपूर, अंतर मात्र थोडं. काहीतरी उपाय केला की आठ-पंधरा दिवस बरं चालतं, आणि मग एखाद्या वाऱ्याच्या सकाळी सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

मी दोन हिवाळे हेच भोगलं. आमची केळीची शेती रावेर तालुक्यात. हतनूर धरणाचा फुगवटा जवळ, त्यामुळे हवा भरायचा बोर्ड घेतला आणि हिवाळ्याच्या सकाळी तिथे जायला लागलो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी संथ असतं, वारा नसतो, पाहुणे पक्षी उतरलेले असतात. त्या तासाभरासाठी मी आठवडाभर वाट पाहतो. म्हणूनच ते खांद्याचं दुखणं मला फार जिव्हारी लागलं. केळीचा घड उतरवताना हात वर जाईना, तेव्हा घरच्यांनी बोर्ड विकून टाक म्हणून सांगितलं होतं.

उपाय मी सगळे केले. फिन, म्हणजे बोर्डाच्या शेपटीखालचा पर, बदलली. हलकं कार्बनचं पॅडल घेतलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून हात कसे ठेवायचे ते शिकलो. रोज दंड-बैठका काढल्या, कारण ताकद कमी पडते असं वाटायचं. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडला आणि काही दिवसांनी तो फरक गेला. आता मागे पाहिलं की कारण स्वच्छ दिसतं. जिथे दुखत होतं तिथे मी औषध लावत होतो, आणि चूक त्याच्या आधीच, पॅडल पाण्यात शिरायच्या क्षणी, होऊन गेलेली असायची.

ती चूक मला दाखवली एका ताईने. त्या मूळच्या मालवणच्या, समुद्रात पॅडलबोर्ड शिकवायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलेलं, आणि लग्नानंतर भुसावळला आलेल्या. ओळखीतून त्यांचं कळलं आणि मी विनंती केली. त्यांनी तीन सकाळी दिल्या. त्या तीन सकाळींत जे झालं तेच इथे लिहितो, कारण आपल्याकडे या खेळाचा प्रशिक्षक सहज मिळत नाही आणि माझ्यासारखे एकट्याने शिकणारे बरेच असणार.

आधी सामानाचं उरकून टाकू. ताईंनी पाण्याकडे जाण्याआधी पाच मिनिटांत ते तपासलं आणि त्यातही माझ्या दोन चुका निघाल्या. पहिली, पॅडलची लांबी. माझी उंची ५ फूट ७ इंच, आणि मी पॅडल ७ फुटांवर लावलं होतं, जास्त लांब म्हणजे जास्त जोर या समजुतीने. साधारणपणे आपल्या उंचीपेक्षा ६ ते १० इंच जास्त पुरे. त्याहून लांब असेल तर पातं पाण्यात पूर्ण घालण्यासाठी वरचा हात डोक्याच्याही वर न्यावा लागतो, आणि अशा स्थितीत जोर लावला की खांद्याचा सांधा रगडला जातो. माझं पॅडल ताईंनी ७५ इंचांवर आणलं. दुसरी, बोर्डातली हवा. हवेच्या बोर्डाला बहुधा १२ ते १५ पीएसआय दाब लागतो, नेमका आकडा बोर्डावर छापलेला असतो. हातपंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ हलतच नाही, त्यामुळे थकून आपण लवकर थांबतो. कमी हवेचा बोर्ड मधोमध दबतो आणि पाण्यावर घसरण्याऐवजी पाणी ढकलत जातो. उलट, आपल्याकडच्या उन्हात पूर्ण फुगवलेला बोर्ड काठावर सोडून जेवायला जाऊ नका. आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण उकलू शकते. सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा.

फिनचं निमुळतं टोक मागच्या बाजूला वळलेलं हवं. फुगवट्यात पाणवनस्पती फार, त्या फिनला गुंडाळल्या की बोर्ड जड होतो, म्हणून मध्येच एकदा मागे हात घालून पाहावं. आणि पॅडलचं पातं. पातं दांड्याशी सरळ नसतं, किंचित वाकलेलं असतं. तो वाक पुढे, म्हणजे बोर्डाच्या नाकाकडे, जायला हवा. नवीन माणूस हमखास उलटं धरतो, कारण पळीसारखं धरलं की पाणी जास्त येईल असं वाटतं. उलट धरलेलं पातं पाणी मागे ढकलण्याऐवजी वर उचलतं. इतकं तपासूनही बोर्ड वाकडा जात असेल तर दोष सामानात नाही.

पहिल्या सकाळी ताई काठावरच बसल्या. मला म्हणाल्या, दादा, तुम्ही नेहमी जाता तसे जाऊन या, मी काही बोलणार नाही. मी गेलो, पन्नासेक मीटरवरून वळून आलो. त्यांनी मोबाईलवर चित्रण केलं होतं, पण ते लगेच दाखवलं नाही. आधी विचारलं, "पॅडल पाण्यात जाताना आवाज कसा येतो?"

मला सांगता येईना. दोन हिवाळ्यांत मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. पुन्हा पाठवलं, फक्त ऐकायला. छपाक, छपाक. प्रत्येक स्ट्रोकला. ताईंनी मग चित्रण दाखवलं आणि एका जागी थांबवलं. माझं पातं अर्धंच पाण्यात होतं, वरचा अर्धा भाग कोरडा, आणि हात मात्र आधीच मागे ओढायला लागलेले. पात्यामागे पांढरा फेस. मला शपथेवर विचारलं असतं तरी मी म्हणालो असतो की पातं पूर्ण बुडवतो. शरीराला तसंच वाटत होतं. या एका गोष्टीसाठी तरी दुसऱ्याचा डोळा लागतो. आपण उभे असतो, नजर समोर असते, पातं कडेला खाली. जे वाटतं आणि जे होतं यात वीतभर अंतर पडलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

तो फेस म्हणजे हवा. अर्धवट बुडालेलं पातं ओढलं की त्याच्या मागे हवा खेचली जाते, आणि हवेवर जोर लागत नाही. पातं घसरतं. घसरल्यावर तितकाच वेग मिळवायला आपण हाताने आणखी जोरात आणि आणखी लांबवर ओढतो. तिथून पुढची सगळी रांग लागते. खांदा, नागमोडी वाट, थकवा, सगळं त्याच रांगेत.

ताईंनी विचारलं, "केळीला बांबूचा टेकू देताना खड्डा कशाने करता?" मी म्हणालो, पहारीने. "पहार वरवर टोचून ओढली तर?" निसटते, मी म्हणालो. "आणि खोल रोवली तर?" मग ती हलत नाही, तिच्यावर अंगाचा भार टाकता येतो. त्या म्हणाल्या, "पॅडलही तसंच रोवायचं. आधी रोवा, मग भार टाका. मधला वेळ राखा."

ऐकताना पटलं. पण पटणं वेगळं आणि अंगात उतरणं वेगळं. ते उतरलं दुसऱ्या सकाळी, आणि पाण्यात नव्हे, आमच्या ओट्यावर.

ओट्याला गुळगुळीत शहाबादी फरशी आहे. ताईंनी एक रिकामं गोणपाट मागितलं, फरशीवर अंथरलं आणि त्यावर मला अनवाणी उभं केलं, पाय खांद्याएवढे लांब, गुडघे सैल. पॅडल माझ्या हातात, पातं माझ्या पुढे हात-दीड हातावर फरशीवर टेकवलेलं, आणि त्या पात्यामागे त्यांनी आपला पाय घट्ट लावला, जेणेकरून ते सरकू नये. म्हणाल्या, आता पॅडल स्वतःकडे ओढा. मी सवयीने दंडाने ओढलं. काही झालं नाही, फक्त दंड फुगले आणि खांद्यात नेहमीची कळ आली. मग त्यांनी माझा खालचा हात सरळ करायला लावला, वरचाही जवळजवळ सरळ, कंबर वळवून उजवा खांदा पुढे काढायला लावला, आणि सांगितलं, हात विसरा, वरच्या हाताने दांड्यावर पोट आणि छातीचा भार टाका, आणि वळलेली कंबर सोडा.

गोणपाट पुढे सरकलं. मी त्याच्यासकट. पॅडल जिथल्या तिथे राहिलं आणि माझे पाय पात्याकडे गेले. ताई म्हणाल्या, "गोणपाट म्हणजे तुमचा बोर्ड. पॅडल मागे येत नाही, तुम्ही पॅडलपाशी जाता." मी ते वीस-पंचवीस वेळा केलं. खांद्याला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुखलं ते कंबरेच्या वर, बरगड्यांच्या कडेला आणि पोटात. दुखण्याची जागा बदलली म्हणून मला झालेला आनंद घरच्यांना समजेना.

हे ओट्यावरचं तुम्ही घरी करून पाहा. पात्यामागे पाय लावायला एक माणूस हवा आणि फरशी कोरडी हवी. पडण्याची भीती वाटत असेल तर भिंतीजवळ करा.

त्याच दिवशी पाण्यावर गेलो तेव्हा ताईंनी एकच काम दिलं. पातं पाण्यात घालायचं, पूर्ण, दांड्याच्या मानेपर्यंत. मग मनात "एक" म्हणायचं. मग भार टाकायचा. इतकंच. बोर्ड वाकडा गेला तर जाऊ द्या, बाजू बदला, पण दुसरं काही सुधारू नका. मला मोह आवरेना. मी विचारत होतो, पायांची जागा बरोबर आहे का, मनगट कसं हवं. त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. मालवणीत म्हणाल्या, "घाई कित्याक?" चांगला शिकवणारा माणूस तुम्हाला दहा चुका दिसत असताना एकच सांगतो, कारण त्याला माहीत असतं की बाकीच्या नऊ त्या एकीच्या पोटातल्या आहेत. व्हिडिओतून शिकताना हेच हातून निसटतं. तिथे सगळंच एकदम सांगितलेलं असतं आणि आपण सगळंच थोडं थोडं करतो.

दहा-पंधरा मिनिटांनी आवाज बदलला. छपाक गेलं. घागर पाण्यात तोंडापर्यंत दाबताना शेवटी जो खोल, बंद आवाज येतो, तसा यायला लागला. पात्यामागचा फेस गेला आणि त्याऐवजी दोन छोटे भोवरे दिसू लागले, पात्याच्या दोन्ही कडांना एकेक. ताईंनी काठावरून हात वर केला. पाण्यावर पकड बसल्याची ती खूण आहे.

थोड्या अंतरावर एक भोई काका जाळं लावत होते. आपल्याकडच्या धरणांवर पाहिलं असेल, ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून दोन्ही हातांत छोट्या फळ्या घेऊन हे लोक वल्हवतात. ताईंनी मला दहा मिनिटं थांबवून त्यांच्याकडे बघायला लावलं. काकांच्या फळीचा आवाजच नव्हता. फळी पुढे अलगद बुडायची, मांडीपर्यंत यायची आणि बाहेर. त्यामागे कधी जायची नाही. आणि दिवसभर हे चालतं. काकांनी माझा छपाका आधी ऐकलेला होता, म्हणाले, "भो, मंघा पानी ठोकू राह्यला होता, आता बरं हाये."

मांडीपर्यंत आणि बाहेर. यातून आम्ही दुसऱ्या चुकीवर आलो. माझं पॅडल पायांच्या मागे दोन-दोन फूट जायचं. मला वाटायचं, लांब ओढला तर स्ट्रोक मोठा, वेग जास्त. प्रत्यक्षात पातं पावलांच्या मागे गेलं की दांडा मागे कलतो आणि पातं पाणी मागे ढकलायचं सोडून वर उचलायला लागतं. पाणी वर उचललं की बोर्डाची शेपटी खाली दबते. चित्रणात माझ्या बोर्डाची शेपटी प्रत्येक स्ट्रोकला खाली-वर होताना स्पष्ट दिसत होती. म्हणजे मेहनत करून मी स्वतःलाच ब्रेक लावत होतो. शिवाय मागे नेलेलं पॅडल बोर्डाच्या कडेने वळत जातं आणि नाक दुसऱ्या बाजूला ढकलतं. नियम सोपा आहे. पातं पावलांपाशी आलं की ते बाहेर निघालं पाहिजे. त्यासाठी ते थोडं आधीच सोडायला सुरुवात करावी लागते, गुडघ्याच्या रेषेत असतानाच. वरचा हात आत खाली आणला आणि अंगठा पुढे वळवला की पातं कडेने, पाणी न उचलता, सुटून येतं. मग ते पाण्यालगत पुढे न्यायचं, हात सैल ठेवून. हाच विश्रांतीचा क्षण. मी आधी तिथेही मुठी आवळून असायचो.

नागमोडी वाटेचं मुख्य कारण तिसरं निघालं, आणि ते समोरून घेतलेल्या चित्रणात कळलं, बाजूच्या नाही. समोरून पाहिलं तर माझं पॅडल तिरकं दिसत होतं. वरचा हात माझ्या छातीसमोर, बोर्डाच्या वर, आणि पातं बाहेर लांब. तिरक्या पॅडलने पातं सरळ रेषेत येतच नाही, कमान काढत येतं. बोर्ड मुद्दाम वळवायचा असतो तेव्हा नेमकी हीच कमान काढतात. म्हणजे मी सरळ जायचं म्हणून प्रत्येक वेळी वळवायचाच स्ट्रोक मारत होतो आणि दोष फिनला देत होतो. दोन्ही हात बोर्डाच्या नव्हे, पाण्याच्या वर असले पाहिजेत, एकावर एक, दांडा समोरून उभा दिसला पाहिजे. आणि पातं बोर्डाच्या कडेला जवळजवळ घासून, पण कडेच्या गोलाईबरोबर न वळता, सरळ मागे. ढकल बोर्डाच्या मध्यरेषेपासून जितकी लांब तितकं वळण जास्त, हे तराजूच्या दांडीसारखं आहे.

दांडा उभा करायला वरचा हात कडेच्या बाहेर न्यावा लागतो आणि तोल जाईल असं वाटतं. गुडघे सैल ठेवले, नजर पावलांवर न ठेवता समोरच्या काठावर ठेवली, तर जात नाही. मी दोनदा पडलो, दोन्ही वेळा खाली बघत असताना.

या क्रमाला माझ्या मते फार महत्त्व आहे. मी आधी कधीतरी व्हिडिओ पाहून दांडा उभा ठेवायचा प्रयत्न केला होता आणि तो आठवड्यात सुटला होता. पातं पाण्यात रोवलं जात नसताना दांडा उभा ठेवला तर तो टिकत नाही, कारण अंगाचा भार टाकायला खाली काही घट्ट नसतं. मग हात मदतीला धावतात, कोपर वाकतं, वरचा हात आत येतो आणि दांडा पुन्हा तिरका. पकड आधी, मग सुटका, मग सरळपणा. दुरुस्ती टिकत नाही त्यांनी आपण कुठून सुरुवात केली ते आठवून पाहावं.

फरक मोजायला मी एक साधी युक्ती केली. काठावर दोन बाभळी आहेत. एकीच्या समोरून दुसरीच्या समोरपर्यंत, वारा नसताना, किती स्ट्रोक लागतात ते मोजायचं. ताईंच्या आधी ९२ लागायचे. तिसऱ्या सकाळी ७०. बाजू बदलायची वेळही चार स्ट्रोकवरून दहावर गेली. घड्याळापेक्षा ही मोजणी मला जास्त खरी वाटते. घाई करूनही वेळ कमी करता येतो, स्ट्रोक मात्र पकड सुधारल्याशिवाय कमी होत नाहीत.

आता मूळ प्रश्न, जो या लेखाच्या नावात आहे. पुन्हा का होतं?

माझं पुन्हा झालं. मार्चमध्ये. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. ऊन तापायला लागलं की पश्चिमेचा वारा या खोऱ्यातून सरळ आत येतो. त्या दिवशी मी उशिरा निघालो, वारा पाठीवर घेऊन लांब गेलो, आणि परतताना तो तोंडावर आला. बोर्ड जागचा हलेना. भीती वाटली, आणि भीती वाटली की माणूस ओढतो. अर्ध्या तासात छपाक परत, तिरका दांडा परत, रात्री खांदा परत. इतक्या मेहनतीने मिळवलेलं सगळं गेलं असं वाटून मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

ताईंना फोन केला. त्यांचं म्हणणं असं की जुनी सवय जात नाही, ती खाली दबून राहते, आणि वारा, थकवा किंवा शेजारी कोणी वेगाने चाललेलं असलं की वर येते. म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा. पहिल्या वीस स्ट्रोकला रोज "एक" म्हणायचं, कितीही येत असलं तरी. समोरून वारा आला तर स्ट्रोक लांब करायचा नाही, उलट आखूड आणि जरा भरभर, गुडघे जास्त वाकवून. फारच वारा असेल तर गुडघ्यांवर बसून, पॅडल आखूड करून, काठ धरून यायचं. आणि निघतानाच वाऱ्याच्या तोंडावर निघायचं, म्हणजे थकल्यावर तो पाठीशी असतो. हा तिसरा नियम मी त्या दिवशी पाळला असता तर बाकीचं झालंच नसतं.

आवाज बिघडला की मी आता थांबतो. बोर्डावर बसतो, पाणी पितो, मग दहा सावकाश स्ट्रोक. बिघडलेल्या हाताने शंभर स्ट्रोक मारले तर शंभर वेळा चुकीचाच सराव होतो.

ज्यांना प्रशिक्षक मिळणार नाही त्यांच्यासाठी. मोबाईल घेऊन मित्राला काठावर उभं करा. तो पाण्याच्या पातळीजवळ, बाजूने, असा असावा की तुम्ही त्याच्या समोरून जाल. यात दोनच गोष्टी बघा, ओढ सुरू होताना पात्याचा कोरडा भाग दिसतो का, आणि पातं पावलांच्या किती मागे जातं. मग तुम्ही सरळ त्याच्याकडे येताय असं एक चित्रण, त्यात दांडा उभा आहे का. चित्रण सावकाश करून पाहा. पण जमलं तर एकदा तरी जाणत्या माणसाकडे जाच. तारकर्ली-मालवणकडे सुट्टीला गेलात तर मौजेची फेरी न मारता तासभर स्ट्रोक शिकवा म्हणून सांगा. आणि एक जवळचा विचार. या खेळाचं मूळ हवाईतलं, आणि तिथल्या नौकांवर एका पात्याच्या वल्ह्याने जे करतात तेच तंत्र इथे आलं. त्यामुळे एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, म्हणजे कनू, शिकवणाराही तुमची पकड ओळखू शकतो. भोपाळच्या मोठ्या तलावावर मध्य प्रदेशची वॉटर स्पोर्ट्स अकादमी आहे, तिथे कनू-कयाकचे खेळाडू घडतात. भुसावळहून भोपाळला थेट गाड्या आहेत. सकाळी त्या तलावाच्या काठावर उभं राहून खेळाडूंचे हात पाहणं हासुद्धा धडा आहे.

पाण्याबद्दल थोडं, कारण हे न सांगता मला थांबता येणार नाही. धरणावर उतरण्याआधी तिथल्या जलसंपदा विभागाची परवानगी विचारा. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय बोर्डावर उभं राहू नका, पोहता येत असलं तरी. संथ पाण्यात पायाला लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, बांधा. वाहत्या पाण्यात पायाची लीश खोडात अडकून माणसाला खाली ओढू शकते, तिथे कंबरेची झटकन सुटणारी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात नदीवर जाऊच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, सातपुड्यात पाऊस झाला की ते उघडतात आणि तापीचं पाणी पाहता पाहता चढतं. जाळ्यांपासून लांब राहा, ती कोणाच्या तरी पोटाची सोय असते. पक्ष्यांच्या थव्यात शिरू नका.

खांद्याचं दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल किंवा हात डोक्यावर जातच नसेल, तर स्ट्रोक सुधारण्याची वाट पाहू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मीही दाखवलं होतं. सहा आठवडे विश्रांती झाली, मगच ताईंकडे गेलो.

सध्या माझी उजवी बाजू बरी आहे. डावी अजून कच्ची. डावीकडून मारताना वरचा उजवा हात कोपरात वाकतो, आयुष्यभर सगळी कामं त्याच हाताने ओढून केल्याचा तो परिणाम. फक्त डावीकडून त्या दोन बाभळींमधलं अंतर ८१ स्ट्रोकमध्ये जातं, उजवीकडून ६८. रविवारी ताई भुसावळहून येणार आहेत. गोणपाट काढून ठेवलंय, या वेळी डावा खांदा पुढे.